आठ सेलवाला

कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या कुस्ती मैदानांवर बरीच वर्षं मला कुणी नावानं ओळखत नसे. ‘आठ सेलवाला’ म्हणत. हे नाव पाडलं एका चहाच्या गाडीवाल्यानं. मैदान सुरू व्हायच्या आधी मी त्याच्या गाडीच्या फळीवर कॅमेरा आडवा ठेवायचो, खालच्या कप्प्यातून एक काळी पट्टी बाहेर ओढायचो आणि तिच्यात एकेक पेन्सिल सेल बसवायचो. एक सुलट, एक उलट, एक सुलट, एक उलट. तो चहा गाळता गाळता मोजायचा. आठवा सेल बसला की म्हणायचा, “झाला बघा खुराक!”

कॅमेरा निकॉनचा डी३००. बाजारात आला २००७ साली. माझ्याकडे आला २००९मध्ये, मुंबईच्या एका लग्नवाल्या फोटोग्राफरच्या हातून उतरून. मी तेव्हा एका दैनिकाला फोटो द्यायचो. छापून आला तर पैसे, नाही आला तर पेट्रोल आपलं. घर चालायचं ते स्टुडिओवर. पासपोर्ट फोटो, बारशी, साखरपुडे आणि कोपऱ्यात एक झेरॉक्स मशीन. कुस्ती हा पोटाचा धंदा कधीच नव्हता. पण यात्रांचा हंगाम सुरू झाला आणि लांबून हलगी ऐकू आली की स्टुडिओचं शटर खाली ओढून मी निघायचो.

ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो त्या काकांकडे निकॉनचाच एफएम२ होता आणि त्याच्या बुडाला लावायची एमडी-१२ नावाची मोटर. तिलाही आठच पेन्सिल सेल लागत. सेकंदाला तीनच्या थोडे वर फोटो. बोट तसंच दाबून धरलं तर छत्तीसचा रोल अकरा-बारा सेकंदांत खलास. काका मोटर लावत, पण एका डावाला एकदाच दाबत. मोटरचा उपयोग त्यांच्या लेखी एवढाच, की अंगठ्यानं रोल पुढे ओढायला डोळा खिडकीवरून हलवावा लागत नाही. मी एकदा भर आखाड्यात सलग सात फोटो ओढले. मैदान संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. घरी जाताना एसटीत म्हणाले, “रोल काय तुझा बाप धुऊन देणार?”

डिजिटल आलं आणि रोलचा हिशेब संपला. वेगाचा मात्र सुरू झाला.

डी३००च्या माहितीपुस्तकात लिहिलं होतं, सेकंदाला सहा फोटो. सहा म्हणजे मला चैनच वाटली होती. पण त्याच पानावर तळाला एक बारीक ओळ होती: एमबी-डी१० ही बॅटरी ग्रिप जोडली आणि तिच्यात अमुक प्रकारची वीज घातली, तर आठ. ती ओळ मी कितीतरी वेळा वाचली असेल. कॅमेरा तोच, शटर तेच, आरसा तोच. म्हणजे आठचा वेग या यंत्रात आधीपासूनच होता आणि मला तो मिळत नव्हता. दूध घरात आहे पण फडताळाला कुलूप आहे, असं काहीसं वाटलं.

कुलूप विजेचं होतं. एका फोटोसाठी कॅमेऱ्याच्या पोटात बरंच काही घडतं. आरसा वर उडतो, शटरचे पडदे धावतात, आरसा खाली येऊन बसतो, पडद्यांच्या स्प्रिंगा पुन्हा ताणून तयार ठेवाव्या लागतात. हे सेकंदात सहा वेळा करायचं तर मोटरला दर खेपेला विजेचा एक घसघशीत घोट लागतो, आणि आठ वेळा करायचं तर घोट मोठाही लागतो आणि लवकरही. कॅमेऱ्याच्या पोटातली चपटी बॅटरी ७.४ व्होल्टची. जोरानं ओढायला गेलं की तिचा दाब बसतो. त्यामुळे तिच्यावर चालताना कॅमेरा सहाच्या पुढे जात नाही. डी३सारख्या मोठ्या कॅमेऱ्याची लांबट बॅटरी ११.१ व्होल्टची, ती ग्रिपमध्ये घातली की कॅमेरा आठवर जातो. गंमत अशी की ग्रिप लावून तिच्यात कॅमेऱ्याचीच दुसरी चपटी बॅटरी घातली, तर वजन वाढतं, रुबाब वाढतो, वेग सहाचा सहाच. कॅननवाल्या मित्रांच्या ग्रिप तर तेवढ्यापुरत्याच असत. बॅटरी दुप्पट टिकायची, कॅमेरा उभा धरायला बटण मिळायचं, वेगाशी संबंध नाही.

मोठी बॅटरी, तिचं निराळं झाकण, तिचा निराळा चार्जर असा सगळा पसारा माझ्या आवाक्याबाहेरचा होता. राहिला पुस्तकातला तिसरा मार्ग: आठ पेन्सिल सेल. चार्जिंगचा एक सेल १.२ व्होल्टचा, आठ एकापाठोपाठ एक जोडले की ९.६. कॅमेऱ्याला तेवढं पुरतं. पेन्सिल सेल तर गावोगावच्या किराणा दुकानात साबणाशेजारी टांगलेले असतात. मला वाटलं, सुटलो.

पहिल्यांदा ग्रिप घेतली ती नक्कल. नाव लिहीत नाही, पेटीवरचं नाव खरं होतं की नाही तेही देव जाणे. कुलूप मात्र उघडलं. रात्री स्टुडिओत, भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभा राहून बटण दाबून धरलं. सहाचा आवाज मला पाठ होता, कुणी घाईघाईनं अडकित्त्यानं सुपारी कातरतंय तसा. हा आवाज निराळाच. मधल्या फटी बुजल्या होत्या, नुसतं तर्रर्र. आतून बायको म्हणाली, “झेरॉक्स अडकली का हो?”

त्या रात्री आणखी एक गणित केलं, जे करायला नको होतं. या कॅमेऱ्याचं शटर दीड लाख फोटोंसाठी पारखलेलं. दीड लाख भागिले आठ. बोट न उचलता दाबून धरलं तर सव्वापाच तासांच्या आत शटरचं नेमून दिलेलं आयुष्य संपतं. माणसाचा अख्खा कॅमेरा एका दुपारीत! पुढे कित्येक दिवस बटणावरचं बोट जरा चोरूनच असायचं.

नकलेला माती सोसली नाही. तालमीची लाल माती म्हणजे नुसती माती नसते; तिच्यात ताक, हळद, तेल, लिंबू मुरवलेलं असतं. पैलवान ती अंगाला लावतात, एकमेकांच्या मानेवर फेकतात, आणि कडेला मांडी घालून बसलेल्या फोटोवाल्याच्या वाट्याला उरलेली येते. बारीक, चिकट. ग्रिप कॅमेऱ्याला धरून ठेवणारं एक चाक असतं, ते नकलेत हादऱ्यानं सैल व्हायचं. त्या फटीतून माती पितळी टोकांवर जाऊन बसायची आणि ऐन डावात कॅमेरा गपगार. मग खिशातून खोडरबर काढायचा, टोकं घासायची, चाक आवळायचं. माझ्या बॅगेत लेन्सच्या कापडाच्या आधी खोडरबर असायचा. पुढच्या वर्षी वापरलेली का होईना, अस्सल एमबी-डी१० मिळाली आणि हे दुखणं गेलं.

सेलचं दुखणं मात्र राहिलं. किराणा दुकानातले स्वस्त सेल रिमोटला आणि टॉर्चला ठीक. या कामाला ते दहा-बारा मिनिटांत मान टाकत. चांगले अल्कलाइन सेल सुरुवातीला जोमात चालायचे, मग दमायचे, थोडा विसावा दिला की पुन्हा दोन डाव ओढायचे. आणि दर मैदानाला आठ नवे सेल घ्यायचे म्हणजे छापून आलेल्या फोटोचे पैसे चहावाल्याला देण्याआधीच संपलेले. शेवटी चार्जिंगचे घेतले. त्यांची तऱ्हा अशी की आठ जण एका दोरीला बांधलेले. सात ठणठणीत आणि एक आजारी असला, तर सगळी दोरी आजाऱ्याच्या चालीनं चालणार. कोणता आजारी ते वरून कळत नाही. मी मार्करनं सेलांवर एक ते आठ आकडे घातले, बाजारातून मल्टिमीटर आणला आणि रोज रात्री त्यांची नाडी बघायला लागलो. पाच नंबर कायम मागे. त्याला बदलला, तर नवा पाच नंबरही मागेच पडायला लागला. तेव्हा कळलं, की दोष सेलचा नव्हता; चार्जरच्या त्या खोबणीतली पत्ती वाकलेली होती.

त्यात भारनियमन. तेव्हा आमच्या भागात दिवसाचे कित्येक तास वीज नसायची. पीठगिरणीवाला, शेतकरी आणि मी, तिघंही विजेच्या वेळापत्रकावर जगत होतो. पहाटे वीज आली की मी उठून चार-चारचे दोन चार्जर लावायचो. एका यात्रेत मी देवळाच्या पुजाऱ्याला विनवून गाभाऱ्याबाहेरच्या प्लगवर सेल लावले होते. तो म्हणाला, “देवाच्या विजेवर चाललाय कॅमेरा, फोटो चांगला आला पाहिजे.” आला नाही.

हे सगळं एका सेकंदातल्या दोन जास्तीच्या फोटोंसाठी. आज सांगताना मलाच हसू येतं. पण ज्यानं ढाक कधी जवळून बघितली आहे तो हसणार नाही. समोरच्याचा हात धरून, त्याच्याकडे पाठ फिरवून, पायाचा अडसर घालून त्याला उचलायचं आणि फेकायचं. जमिनीवरून सुटल्यापासून मातीवर आदळेपर्यंत जेमतेम अर्धा सेकंद. सहाच्या वेगानं त्यात तीन फोटो बसतात. पहिल्यात दोघंही उभे असतात, तिसऱ्यात दोघंही पडलेले, आणि सगळी भिस्त मधल्या एकावर. त्यात चेहरा पलीकडे गेला की दिवस गेला. आठच्या वेगानं चार बसतात. तीनात एक मधला असतो, चारात दोन. माझ्या दृष्टीनं हा फरक एकाचा नव्हता, दुपटीचा होता.

असे सलग चार फोटो मी एकदा कार्यालयात पाठवले. वृत्तसंपादक फोनवर म्हणाले, “अहो, चार कॉलमला एक फोटो जातो. चार फोटोंना जागा काय स्मशानाची काढू?” तरी रविवारच्या पुरवणीत त्यांनी ते एका ओळीत छापले. त्यानंतर मैदानांवर माझा मान वाढला. नुसता फोटो सगळेच काढतात. याच्याकडे डाव ‘कसा बसला’ ते दिसतं, असं पैलवान म्हणायला लागले. सरावानंतर वस्ताद मंडळी मला तालमीत बोलवायची, कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर पोरांना दाखवायची: “हे बघ, हितं तुझा पाय उशिरा आला.”

मीही मग शेफारलो. कुणी विचारलं की मायब्रिजच्या घोड्याची गोष्ट ऐटीत सांगायचो. धावताना घोड्याचे चारही पाय एका वेळी जमिनीवरून सुटतात की नाही, यावर भल्याभल्यांचा वाद होता. १८७८ साली कॅलिफोर्नियात त्या माणसानं धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीनं मांडले आणि फोटोत दाखवून दिलं, की सुटतात. त्याला बारा फोटोंना बारा कॅमेरे लागले, मला आठ फोटोंना आठ सेल, हे माझं ठरलेलं वाक्य. ऐकणारे हसायचे. या गोष्टीतून त्यांनी काय घेतलं ते मला पुढे कळलं.

एका गावची यात्रा. गावाचं नाव राहू दे. दुसऱ्या नंबरची कुस्ती, दोन्ही पोरं विशीतली, एक आमच्या भागातला, एक पलीकडच्या जिल्ह्यातला. ऊन कलतं पण भरपूर होतं. शटर हजारांश सेकंदावर ठेवलं होतं. पंधराएक मिनिटं नुसती खडाखडी चाललेली. लोक कंटाळून ओरडायला लागले, हलगीवाल्यानं ताल वाढवला आणि अचानक पलीकडच्या पोरानं ढाक टाकली. मी दाबलं. आमचा पोरगा हवेतून गेला, पाठीवर आला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मान मातीत रोवून, अंगाची कमान करून पोटावर वळला. पंच त्या वेळी दोघांच्या पायांकडच्या बाजूला होते.

अर्धं मैदान उठून नाचायला लागलं, चीतपट! अर्धं मैदान ओरडायला लागलं, न्हाय, न्हाय, खांदे टेकले न्हाईत! फेटे उडाले, मग शिव्या उडाल्या. दोन्हीकडची माणसं आखाड्यात उतरली. आणि गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “आठ सेलवाल्याला विचारा!”

पंच, दोन्ही वस्ताद आणि पन्नासएक माणसं माझ्याभोवती. कॅमेऱ्याच्या काचेवर उजेड पडत होता म्हणून एकानं डोक्यावरचा फेटा सोडून माझ्यावर धरला. त्या गुलाबी अंधारात मी एकेक फोटो पुढे सारत होतो. हवेतला पैलवान. पाठ खाली, पण उजवा खांदा मातीपासून वीतभर वर. पुढचा फोटो: मान रोवलेली, दोन्ही खांदे मातीपासून सुटलेले, कमान पूर्ण. मधे काही नाही. मागे गेलो, पुन्हा पुढे आलो. वीतभर वर, आणि सुटलेले. त्या दोहोंच्या मधे खांदे टेकले असतील, किंवा नसतीलही.

पलीकडच्या पोराचे वस्ताद सत्तरीचे असावेत. कान मुडपलेले, आवाज बसलेला. त्यांनी काचेकडे फारसं बघितलंच नाही. माझ्याकडे बघत म्हणाले, “पोरा, यंत्राचं र्‍हाऊ दे. तू तिकडंच बघत हुतास न्हवं? तू काय बघितलास?”

मी म्हणालो, “फोटोत नाही, वस्ताद.”

“फोटोत न्हाय ते मला बी दिसतंय. तू काय बघितलास?”

“फोटोत जे आहे तेच मी सांगू शकतो.”

त्यांनी मान हलवली आणि वळले. कुस्ती बरोबरीत सोडवली. इनाम निम्मं निम्मं. संध्याकाळी चहावाल्यानं माझे पैसे घेतले नाहीत, म्हणाला, “आज तुमच्यामुळं डोकी फुटली न्हाईत.”

रात्री घरी फोटो संगणकावर उतरवले. सवयीनं त्या डावाची माहिती उघडली. प्रत्येक फोटोवर कॅमेरा वेळ लिहून ठेवतो, सेकंदापर्यंत. ढाक टाकल्यापासून बोट दाबलेलंच होतं, त्यामुळे एका पूर्ण सेकंदाचे फोटो हाती होते. मोजले. सहा. पुन्हा मोजले. सहाच.

ग्रिपमधले सेल त्याआधीच्या कुस्तीत कधीतरी संपले होते. असं झालं की कॅमेरा थांबत नाही, गुपचूप पोटातल्या चपट्या बॅटरीवर जातो. सोयीची गोष्ट, पण सहाची. ग्रिपवर चालताना वरच्या छोट्या पडद्यावर ‘बीपी’ अशी अक्षरं दिसतात. एरवी मी दर पाच मिनिटांनी ती बघायचो. बीपी दिसलं की माझं बीपी ताळ्यावर, असा आमच्यात विनोद होता. पंधरा मिनिटांच्या खडाखडीत बघायचं राहिलं.

आठ असते तर? बराच वेळ हेच डोक्यात. मग कागद घेतला. सहाच्या वेगात दोन फोटोंमधली फट सेकंदाच्या एक षष्ठांश. आठच्या वेगात एक अष्टमांश. फट लहान झाली असती, बुजली नसती. दुसरा आकडा त्याहून वाईट होता. शटर हजारांश सेकंदाचं; म्हणजे सहा फोटो मिळून कॅमेऱ्यानं त्या एका सेकंदातले सहा हजारांश भाग पाहिले. बाकी ९९४ भाग त्याचे डोळे मिटलेले होते. आठ सेलांनिशी त्यानं सहाऐवजी आठ पाहिले असते. मी इतके दिवस वेग वाढवला म्हणत होतो; वाढवले होते दोन हजारांश. आणि एवढ्याशा जोरावर पन्नास माणसांना फेट्याखाली घेऊन न्यायनिवाडा करत बसलो होतो.

पण खरं टोचत होतं ते वेगळंच. असल्या कॅमेऱ्यात आरसा वर गेला की खिडकी काळी होते. फोटो उमटतो त्या क्षणी फोटोग्राफर आंधळा असतो. आरसा खाली येतो तेव्हा त्याला दिसतं, आणि तेव्हा कॅमेरा आंधळा असतो. दोघं आळीपाळीनं पहारा देणाऱ्या राखणदारांसारखे. म्हणजे त्या दोन फोटोंच्या मधली फट, जी कॅमेऱ्यानं पाहिली नाही, तिच्यातला काही भाग नेमका माझ्या डोळ्यांसमोर होता. वस्तादांना हे आरशाबिरशाचं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी प्रश्न मात्र बरोबर जागी घातला होता.

मी काय पाहिलं होतं? माती उडालेली. खांद्याची रेघ आणि मातीची रेघ एक झालेली. मला तेव्हा वाटलं होतं की टेकली. खात्री नव्हती, पण वाटलं होतं. आमच्या भागातला पोरगा, भोवती आमच्याच भागातली माणसं, आणि हातात असं यंत्र की ज्याच्या आड उभं राहता येतं. फोटोत नाही हे वाक्य खरं होतं. ते मी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून वापरलं, इतकंच.

त्यानंतर दोन-तीन हंगाम आठ सेल चालूच होते. मग मैदानावर पोटात ग्रिपचा वेग घेऊनच आलेले कॅमेरे दिसायला लागले. २०१६च्या डी५००ला ग्रिपशिवाय दहा फोटो जमायचे. पुढच्या वर्षी डी८५०नं पुन्हा जुनाच खेळ केला: नुसता कॅमेरा सात, ग्रिप आणि मोठी बॅटरी लावली की नऊ. तो हातात घेतला तेव्हा जुना शेजारी भेटल्यासारखं वाटलं. आता तर आरसाही गेला. २०२१च्या झेड९ला यांत्रिक शटरच नाही. लहान आकाराचे फोटो चालत असतील तर सेकंदाला एकशेवीस. खिडकी काळी होत नाही, आवाजही येत नाही. हल्ली एक तरुण पोरगा तो घेऊन माझ्या शेजारी बसतो. एका मैदानाचे दहा-बारा हजार फोटो घरी नेतो आणि रात्रभर त्यातला एक शोधतो. मी त्याला एकदा हिशेब करून दाखवला, की हजारांश सेकंदाला तुझ्या यंत्राचेही ८८० भाग मिटलेलेच. तो म्हणाला, “काका, मग शटर स्लो ठेवायचं.” तेही बरोबरच आहे, सगळं दिसेल, हललेलं दिसेल.

माझा डी३०० कपाटात आहे. ग्रिपच्या पट्टीत सेल ठेवत नाही, गळले तर टोकं खातात. सेलांपैकी तीन नंबर स्टुडिओतल्या भिंतीच्या घड्याळात आहे.

गेल्या वर्षी दुपारच्या निवांत वेळी एक माणूस पासपोर्ट फोटो काढायला आला. अंग सुटलेलं, पण कान पैलवानाचे. नोकरीच्या कसल्या अर्जाला फोटो हवे होते. स्टुलावर बसला, पडद्याकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिला. फोटो झाल्यावर म्हणाला, “दादा, वळखलं न्हाईसा. त्या ढाकेतला मी. फेकलेला.”

मी म्हणालो, “तू फार चपळाईनं वळलास त्या दिवशी.”

“ते फोटो हायत काय अजून?”

होते. जुन्या हार्ड डिस्कमधून शोधून काढले. संगणकावर लहान लहान चौकोनांत ओळीनं ते सहा फोटो आले. तो खुर्ची ओढून जवळ बसला. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्यावर थांबला, वीतभर वर असलेला खांदा. पाचवा बघितला, कमान. मग त्यानं जाड तर्जनी काचेवर टेकवली; चौथ्यावरही नाही, पाचव्यावरही नाही, दोहोंच्या मधल्या रिकाम्या पांढऱ्या पट्टीवर.

“हितं टेकल्ती,” म्हणाला.

प्रिंटर गरम व्हायला वेळ लागत होता. आम्ही दोघं गप्प बसून होतो. मग त्याचे आठ फोटो कापून, पाकिटात घालून मी त्याला दिले.